पितृपंधरवड्यातलं बिऱ्हाड

प्रबोध लेले आठ दिवसांसाठी घराबाहेर पडला, तरी गॅसची कळ, गीझरचं बटण आणि बाथरूमची खिडकी यांचे फोटो काढूनच निघायचा. विमानात बसल्यावर मीनलने, म्हणजे त्याच्या बायकोने, "गॅस बंद केलास ना?" असं विचारलं की तो मुकाट्याने फोन उघडून पुरावा दाखवायचा. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये तो शटडाऊन प्लॅनर होता. दर चार वर्षांनी सगळा प्लँट थंड करायचा, उघडायचा, घासूनपुसून पुन्हा चालू करायचा. त्या पाच आठवड्यांत कुठला नट कोणी किती वाजता खोलायचा, याची यादी प्रबोधने दीड वर्ष आधी तयार करायची. एकोणीस वर्षं हे काम केल्यावर माणूस घरात तरी वेगळा कसा राहील? लेल्यांच्या फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यावरसुद्धा विरजण किती वाजता लावलं त्याची चिठ्ठी असायची.

वाईट नव्हता तो. कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त आयुष्यात आयत्या वेळी काही घडू नये, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं. आणि देवावर विश्वास नसल्यामुळे तेही तो यादी करूनच पुरं करून घ्यायचा.

या माणसाच्या कुठल्याच यादीत न बसणारी एक व्यक्ती त्याच्याच घरात राहत होती. ती म्हणजे त्याची आई. शुभदाबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी कोथरूडची दोन खोल्यांची जागा विकली आणि त्या मुलाकडे सिंगापूरला आल्या. त्याला आता सात वर्षं झाली होती. क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये त्यांची एक लहानशी खोली होती, खाली बाजार होता आणि बाजारातल्या भाजीवालीशी त्या सरळ मराठीत बोलत. ती चिनीत उत्तर द्यायची. दोघींचं कधी काही अडलं नाही.

२०१६ साली लेल्यांनी हा फ्लॅट विकला आणि क्लेमेंटीला जरा मोठा घेतला. जाई पंधरा वर्षांची झाली होती, तिला स्वतःची खोली हवी होती. विकत घेणारं जोडपं नवं लग्न झालेलं होतं आणि त्यांना घाई होती. जुन्या घराच्या किल्ल्या सोमवारी द्यायच्या, नव्या घराच्या बुधवारी घ्यायच्या, अशा तारखा पडल्या. प्रबोध खूश झाला. मधल्या दोन रात्री कुठे तरी काढायच्या, की झालं.

शुभदाबाईंनी कालनिर्णय काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हा पितृपंधरवडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे या दिवसांत नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. सामान न्यायचं नाही, दूध उतू घालवायचं नाही. घटस्थापनेला जाऊ."

"आई, पितृपक्ष तिकडे. इथे सिंगापुरात कोण पाळतंय?"

"तुझ्या वडिलांना यायला व्हिसा लागत नाही," शुभदाबाई म्हणाल्या, आणि कालनिर्णय परत खिळ्याला अडकवून टाकलं.

प्रबोधने दोन दिवस वाद घातला. मीनल पाया लेबारला एका कंपनीत अकाउंट्स बघायची. तिला हिशेब कळायचा आणि सासूही कळायची, म्हणून ती वादात पडली नाही. शेवटी प्रबोधने, हरलेला इंजिनिअर करतो तेच केलं. अडचणीला अडचण न म्हणता तिचा प्लॅन केला. जुनं घर सोडायचं, नव्यात जायचं नाही, आणि मधले तेरा दिवस संसार ठेवायचा कुठे? त्याने शोधून एक कंपनी काढली. त्यांची फिरती खोकी असत. खोकी म्हणजे प्लायवूडच्या छोट्या खोल्याच म्हणा ना: आठ फूट लांब, पाच फूट रुंद, माणूस सहज उभा राहील एवढी उंच, पुढे दार आणि दाराला कडी. लॉरीवरून तुमच्या बिल्डिंगखाली येतात, तुम्ही सामान भरायचं, आपलं कुलूप लावायचं, आणि ती तशीच उचलून गोदामात एकावर एक रचून ठेवतात. हवं तेव्हा नव्या पत्त्यावर आणून देतात. सामान मध्ये कुठे उतरवायला नको की परत चढवायला नको.

रविवारी सकाळी आठ वाजता तीन खोकी बिल्डिंगखाली उतरली आणि प्रबोधच्या अंगात आलं. प्रत्येक वस्तूला पिवळी चिठ्ठी होती. एक नंबरच्या खोक्यात स्वयंपाकघर, दोन नंबरमध्ये आईची खोली आणि पुस्तकं, तीनमध्ये बाकी सगळं. शेवटी लागणारं आधी आत, आधी लागणारं शेवटी. कामगारांनी सोफा उलटा धरला तेव्हा हा त्यांना कागदावरचं चित्र दाखवत होता. साडेचार तासांत एकोणीस वर्षांचा संसार तीन खोक्यांत बसला, वर तीन नंबरमध्ये हातभर जागा उरली. त्या हातभर जागेचाही त्याने फोटो काढला.

शुभदाबाई खालच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पर्समध्ये देव होते. देवांना चिठ्ठी लावू द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. दोन नंबरचं दार लागलं तेव्हा त्या उठून आल्या आणि प्रबोधने लावलेलं कुलूप त्यांनी स्वतः एकदा ओढून बघितलं.

घटस्थापनेपर्यंत लेले मंडळी पाया लेबारला दिलीपकडे उतरली. दिलीप प्रबोधचा पुण्याचा कॉलेजमधला मित्र. तो आणि त्याची बायको सविता, दोघंच होती, घर मोठं होतं आणि माणसं दिलदार होती. मंगळवारी संध्याकाळी जेवताना सविताने सहज विचारलं, "काकू, काकांची तिथी कधी? इथेच करू या. खीर, वडे, सगळं करते मी."

"शुक्रवारी, अष्टमीला," शुभदाबाई म्हणाल्या. "पण इथे नाही करता येणार गं."

"का? आमचं घर तुमचंच आहे."

"माझं असतं तर प्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या जागेत श्राद्ध केलं, तर ते त्या घरच्या पितरांना पोचतं असं म्हणतात."

दिलीप हसला. "काकू, माझे वडील राजापुरात ठणठणीत आहेत!"

"मग आजोबांना पोचेल. त्यांना नको आहे असं नाही, पण यांचं काय?"

प्रबोधने ताटावरून मान वर केली. एरवी श्राद्धाची भानगड त्याच्यापर्यंत येतच नसे. दर वर्षी देवळातले गुरुजी करत. आई आणि मीनल जात, आणि प्रबोध त्या दिवशी न चुकता कामावर असे. तो म्हणाला, "देवळातच करा ना, नेहमीसारखं."

"गुरुजी महिनाभर गावी गेलेत. त्यांनाही पितर आहेत."

"समुद्रावर?"

"उघड्यावर करायला आपण काय बेघर आहोत?"

"बरं, उद्या नव्या घराची किल्ली मिळतेय. ते तर आपलंच आहे."

"नव्या घरात पहिलं पाऊल श्राद्धाचं? तिथे जाईला राहायचंय, प्रबोध." शुभदाबाईंनी भातावर ताक घेतलं, पण कालवलं नाही. "कोथरूडचं विकलं. इथलं काल दिलं. नव्यात जायचं नाही. पितर येतात ते आपल्या दारात येतात. या वर्षी ते कुठे येणार? कुठंय आपलं दार?"

शेवटच्या दोन शब्दांना त्यांचे डोळे भरून आले. सविता वाढता वाढता थांबली. सात वर्षांत शुभदाबाईंनी या देशाबद्दल, घराबद्दल, कशाबद्दल चकार तक्रार केली नव्हती. पंधरवड्याचा नियम त्यांनीच लावला होता आणि त्याच नियमात त्या स्वतः अडकल्या होत्या, हे त्यांनाही कळत होतं, म्हणून तर जास्त लागत होतं.

आणि प्रबोध? त्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं. जागाच नाही म्हटल्यावर श्राद्ध नाही, आणि श्राद्ध नाही म्हटल्यावर आपल्याला कोणी बोलावणार नाही. मी हे सगळं मानत नाही, असं तो गेली सात वर्षं सांगत आला होता. ते खोटं होतं. न मानणारा माणूस आईसोबत जाऊन अर्धा तास बसतो, घरी येतो आणि विसरतो. प्रबोधला बसवतच नव्हतं.

कारण असं होतं. २००९ च्या जूनमध्ये शटडाऊन ऐन भरात असताना त्याचे वडील पुण्याला हृदयविकाराने गेले. प्लँटमध्ये साधा मोबाइल न्यायला बंदी, ठिणगीची भीती. सगळ्यांचे फोन गेटपाशी लॉकरमध्ये. त्या दिवशी एक व्हॉल्व्ह अडला म्हणून प्रबोध जेवायलाही बाहेर आला नाही. संध्याकाळी चार वाजता त्याने लॉकर उघडला तेव्हा फोनवर सतरा मिस्ड कॉल होते. दुपारचं विमान निघून गेलं होतं. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याला पोचला, तोवर चुलतभावाने अग्नी दिला होता. आणि ज्याने अग्नी दिला त्यानेच पुढचं सगळं करायचं, असा रिवाज. तेराव्या दिवसापर्यंत एकुलता एक मुलगा सतरंजीच्या कडेला बसून दुसऱ्याला आपल्या वडिलांचे पिंड ठेवताना बघत राहिला. त्यानंतर कोणी वडिलांचं नाव काढलं, की प्रबोध उठून पाणी प्यायला जायचा. यादीत सतरा मिस्ड कॉल कुठे लिहायचे, ते त्याला आजवर सापडलं नव्हतं.

इकडे टेबलावर सविता पुन्हा वाढायला लागली. जाई इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून जेवत होती. आजी रडवेली झाल्याचं तिला उशिरा समजलं. तिने मीनलला आपल्या सिंगापुरी थाटाच्या इंग्रजीत काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि खांदे उडवून म्हणाली, "बट आजी, द बॉक्स इज अवर्स लाह. वी आर पेइंग रेंट फॉर इट, राइट?"

"काय म्हणते?" शुभदाबाईंनी विचारलं.

मीनलने घाबरत घाबरत सांगितलं, "म्हणते, ते खोकं तर आपलंच आहे. भाडं भरतोय त्याचं."

दिलीपला हसू फुटणार होतं, सविताने टेबलाखालून त्याला पाय मारला. पण शुभदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताकभात कालवला. दोन घास खाल्ले. मग म्हणाल्या, "भाडं दिलं की जागा आपली होते. शास्त्रातही तसंच सांगितलंय. माझा पलंग आहे त्यात, यांचं कपाट आहे. दार आहे, कुलूप आहे, किल्ली आपल्याकडे आहे. अजून घराला काय लागतं?"

"आई, ते गोदाम आहे!" प्रबोध म्हणाला.

"प्रबोध, या वर्षी गुरुजी नाहीत. तुलाच बसावं लागेल," आई म्हणाली. तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं, की नाही म्हणायला त्याला फटच सापडली नाही.

गोदामात जायचं तर अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागे. बुधवारी सकाळी प्रबोधने फोन केला. कशासाठी उघडायचंय, असं पलीकडच्या बाईने विचारलं. "डॉक्युमेंट्स," प्रबोध बोलून गेला. श्राद्धाला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ते फोनवर उच्चारायची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी शुभदाबाईंनी सविताच्या ओट्यावर स्वतः भात केला, पिंडांपुरता, आणि स्टीलच्या डब्यात भरला. अन्न कुठेही शिजवलं तरी चालतं, जागा आपली हवी. पिशवीत ताम्हन, तांब्या, काळे तीळ, दर्भ, एक कोरं जानवं. गुरुजी गावाहून फोनवर मंत्र सांगणार होते. प्रबोधने रजा घेतली होती. टॅक्सीत मायलेक दोघंच होती आणि तो सारखं घड्याळ बघत होता.

गोदाम जुरोंगच्या कारखान्यांच्या भागात, पत्र्याचं, प्रचंड होतं. आत खोकी तीन-तीन एकावर एक रचलेली, भिंतींसारखी, आणि त्यांच्यामधून फोर्कलिफ्ट फिरत होत्या. दाराशी मोठी पाटी: खाण्याचे पदार्थ नाहीत, पातळ पदार्थ नाहीत, आग नाही. तिथला मुकादम मिस्टर कोह साठीचा असेल. अर्ध्या चड्डीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला. त्याने यादीवर नाव बघितलं, फोर्कलिफ्टवाल्याला हाक मारली आणि दोन नंबरचं खोकं खाली आणायला सांगितलं. मग त्याची नजर पिशवीकडे गेली.

"बॉस, व्हॉट्स इनसाइड?"

प्रबोधने उघडून दाखवलं. डबा उघडल्यावर पांढऱ्याशुभ्र भाताचा वास आला.

"फूड कॅनॉट लाह," कोह पाटीकडे बोट दाखवत म्हणाला. "यू सेड डॉक्युमेंट."

"इट्स... अवर लंच," प्रबोध म्हणाला. एकोणीस वर्षं सुरक्षेचे नियम शिकवणारा माणूस पाटीखाली उभा राहून धडधडीत खोटं बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

शुभदाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण मुलगा खोटं बोलतोय हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. त्या मराठीत म्हणाल्या, "खरं सांग त्यांना. लाजायचं काय त्यात? वडिलांसाठी आलोय म्हणावं."

प्रबोधने मान खाली घातली. "फॉर माय फादर," तो म्हणाला. "ही पास्ड अवे. टुडे वी गिव्ह राइस. अँड वी हॅव नो हाउस नाउ. ओन्ली द बॉक्स."

एवढं बोलून तो शिव्या खायला तयार उभा राहिला. कोहने त्याच्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे, मग तीळ-दर्भांकडे.

"अय्या, व्हाय यू से डॉक्युमेंट? से फादर लाह!" तो जवळजवळ रागावूनच म्हणाला. मग त्याने सांगितलं, की गेल्याच महिन्यात, चिनी सातव्या महिन्यात, याच गोदामाच्या मागे टेबल मांडून सगळ्या कामगारांनी आपापल्या गेलेल्यांना जेवू घातलं होतं. त्याने स्वतः वडिलांसाठी संत्री ठेवली आणि त्यांना पोचावेत म्हणून कागदाचे बूट जाळले. वडिलांना आयुष्यभर चांगले बूट मिळाले नव्हते म्हणून. आग मात्र इथे नाही हं, वर पाण्याचे फवारे आहेत. भात जाताना परत न्यायचा. वीस मिनिटं. "कॅन?"

"कॅन," प्रबोध म्हणाला. ज्या गोष्टीची त्याने तीन दिवस लाज बाळगली, ती समजायला या माणसाला अर्धं मिनिट लागलं होतं. त्याला विलक्षण ओशाळल्यासारखं झालं.

कोहने खोकं गोदामाच्या मागच्या टोकाला, पाणी वाहून जायच्या नाल्याजवळ ठेवायला लावलं. प्रबोधने कुलूप उघडलं. समोरच आईचा पलंग उभा केलेला, त्याला टेकून वडिलांचं लाकडी कपाट, आणि पुढच्या पुस्तकांच्या काही पेट्या बाहेर काढल्यावर दोन माणसं जेमतेम बसतील एवढी मोकळी जागा. शुभदाबाईंनी आत वाकून बघितलं, पदराने कपाटाची धूळ पुसली आणि विचारलं, "दक्षिण कुठली?"

प्रबोधने फोनवर होकायंत्र उघडलं. दार वायव्येला होतं.

"पितरांचं करताना तोंड दक्षिणेला हवं."

"मग मी वळून बसतो."

"भिंतीकडे तोंड करून? ते येणार दारातून आणि तू त्यांना पाठ दाखवणार?"

कोह लांबून बघत होता. काय झालं, असं त्याने विचारलं. प्रबोधने सांगितलं. कोह म्हणाला, "व्हिच साइड यू वॉन्ट?" त्याने शिट्टी मारली. फोर्कलिफ्ट परत आली, तिने पलंग-कपाट-पुस्तकांसकट सगळी खोली अलगद उचलली, फिरवली, आणि प्रबोध फोन हातात धरून "थोडं अजून, थोडं अजून, बास" म्हणाला तिथे खाली ठेवली. दार बरोबर दक्षिणेला आलं. एरवी दक्षिणेचं दार म्हटल्यावर शुभदाबाई ते घर बघायलासुद्धा आल्या नसत्या. आता त्या पसंतीने मान हलवत आत गेल्या आणि वर्तमानपत्र पसरून बसल्या. कोहने फोर्कलिफ्ट बंद करायला लावली आणि माणसांना चहाला पिटाळलं.

प्रबोधने शर्ट काढला. आईने दिलेलं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. गुरुजींना फोन लावला. "आचमन करा," एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. पत्र्याच्या गोदामात आवाज तुटत होता. दोनदा लावला, दोनदा तुटला. प्रबोध आईकडे बघत राहिला. प्लॅन संपला होता.

"राहू देत मंत्र," शुभदाबाई म्हणाल्या. "गोत्र सांग, तिघांची नावं घे आणि पाणी सोड. ज्याचं त्याला कळतं."

"गोत्र काय आपलं?"

"काश्यप. पणजोबा गोपाळ, आजोबा बळवंत, आणि मग हे."

प्रबोधने तीन पिंड ठेवले. हाताला भात चिकटत होता. ओंजळीत तीळ घेतले, आईने तांब्यातून पाणी ओतलं. अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडायचं हे त्याला आठवत होतं. चुलतभावाला करताना त्याने तेरा दिवस बघितलं होतं. "काश्यप गोत्र, गोपाळ," तो म्हणाला आणि पाणी सोडलं. "बळवंत." पाणी सोडलं. मग ओंजळ भरली आणि तो थांबला. पाणी बोटांतून गळून गेलं. आईने पुन्हा ओतलं. तेही गळालं.

"अण्णा," प्रबोध म्हणाला. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. "अण्णा, फोन लॉकरमध्ये होता. मला माहीत नव्हतं. मी दुपारी एकदा जरी बाहेर आलो असतो ना..."

आणि पन्नास वर्षांचा तो माणूस खोक्यात उघड्या अंगाने बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

शुभदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी मुलाला उगी केलं नाही. दाराबाहेर, दक्षिणेकडे बघत त्या बोलायला लागल्या.

"त्या दिवशी पहाटे पाचलाच दुखायला लागलं होतं त्यांना. तेव्हा तू घरीच असणार, फोन तुझ्याजवळ असणार. मी फोन हातात घेतला. हे म्हणाले, त्याला आत्ता कळवू नकोस. त्याचं शटडाऊन चालू आहे, तो सगळं टाकून धावत येईल. दुपारपर्यंत बरं वाटेल मला. मी ऐकलं. आयुष्यभर ऐकलं तसं तेव्हाही ऐकलं. तुला पहिला फोन केला तो अकरा वाजता, ते गेल्यावर." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सात वर्षं देवळात बसून यांना सांगतेय, की तुमचं ऐकायला नको होतं मी. तुलाही सांगायचं होतं. पण तू कधी शेजारी बसलाच नाहीस रे."

प्रबोध आईकडे वळला. पहाटे पाच म्हणजे सिंगापूरला साडेसात. त्या वेळी तो कंपनीच्या बसची वाट बघत फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. लॉकर तेव्हा बराच लांब होता. सतरा मिस्ड कॉलच्या आधीचा जो एक कॉल आलाच नाही, तो ही बाई एकटी सांभाळत बसली होती. आणि आपण दर तिथीला कामावर पळत होतो. त्याला वडिलांचा राग आला, आईचा आला, स्वतःचा तर आलाच; आणि सगळ्यांची माया एकदम दाटून आली.

कोह लांबून घड्याळाकडे बघत होता, पण आला नाही.

"तिसरं राहिलंय," प्रबोध म्हणाला. "तू पण हात लाव."

"बायका करत नाहीत."

"इथे कोण बघतंय? आपलं घर आहे."

शुभदाबाई जरा पुढे सरकल्या. त्यांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या उजव्या तळहाताखाली धरला. डाव्या हाताने प्रबोधने तांब्या उचलला आणि उजव्या हातावर धार धरली. "निशिकांत," तो म्हणाला. "निशिकांत," शुभदाबाईही म्हणाल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं. दोघांच्या हातांवरून पाणी ताम्हनात पडलं.